पंचाहत्तर रुपयांचं नाणं दुकानात चालेल का?

समजा, निपाणीच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानदारापुढे तुम्ही पंचाहत्तर रुपयांचं नाणं ठेवलंत. तो ते उलटंपालटं करील, उजेडात धरील, शेजारच्याला दाखवील आणि बहुधा म्हणेल, "हे कुठलं काढलं? दुसरे द्या." यात त्याची काही चूक नाही. त्याच्या गल्ल्यात असं नाणं कधी आलेलं नसतं आणि बँकेतून आणलेल्या चिल्लरच्या पिशवीतही ते निघत नाही. तरी हे नाणं खोटं नाही. भारत सरकारच्या टांकसाळीत ते पडलेलं आहे, त्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत आणि ते काढण्यासाठी राजपत्रात रीतसर अधिसूचना निघते.

मग प्रश्न उभा राहतो. सरकारने काढलेलं, तरीही बाजारात न दिसणारं नाणं असतं तरी कशासाठी? एखाद्या संस्थेची पंचाहत्तरी झाली म्हणून नाणं पाडायचं, याचा अर्थ काय?

१. एनसीसीचं नाणं

२८ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या करिअप्पा परेड ग्राउंडवर पंतप्रधानांच्या हस्ते ७५ रुपयांचं एक खास नाणं प्रकाशित झालं. निमित्त होतं राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे आपल्या एनसीसीच्या, पंच्याहत्तराव्या वर्षाचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा-कॉलेजांतल्या मुलांना लष्करी शिस्तीचं शिक्षण कसं द्यावं हे ठरवायला पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९४८ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी १५ जुलैला एनसीसी सुरू झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला, १९५० मध्ये हवाई दलाची शाखा आणि १९५२ मध्ये नौदलाची शाखा. त्यामुळे हे नाणं एकट्या खाकी वर्दीचं नाही. पांढऱ्या गणवेशात शिडाची होडी हाकायला शिकणाऱ्या, दोरखंडाच्या गाठी मारणाऱ्या आणि झेंड्यांच्या खुणांनी निरोप पाठवणाऱ्या नौदल शाखेच्या छात्रांचंही ते आहे.

सीमाभागात ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. निपाणीचा छात्र एनसीसीच्या कर्नाटक-गोवा विभागात मोडतो आणि पलीकडे कागलचा छात्र महाराष्ट्र विभागात. भाषा एक, बाजार एक, एसटीचा रस्ता एक, पण कॅम्प वेगळे. आणि बेळगाव तर प्रशिक्षणाचंच शहर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, राष्ट्रीय मिलिटरी स्कूल इथे, सांबऱ्याला हवाई दलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूल. कवायतीच्या शिट्ट्या ऐकत वाढलेल्या या गावाला संस्थांच्या वर्धापनदिनांचं अप्रूप असतं आणि त्या दिवशी नेमकं काय दिलं-घेतलं जातं याची उत्सुकताही असते.

२. मान देण्याच्या तीन रीती

सैनिकी किंवा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा गौरव करायचा झाला तर सरकारकडे मुख्यतः तीन रीती आहेत.

पहिली निशाण देण्याची. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणारं निशाण हा लष्करी संस्थेचा सर्वांत मोठा मान समजतात. केरळातल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीला २० नोव्हेंबर २०१९ रोजी, तिच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ते मिळालं. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला १३ फेब्रुवारी २०२० रोजी मिळालं. आयएनएस शिवाजी हे जहाज नव्हे. ती डोंगरातली प्रशिक्षणसंस्था आहे. १९४५ साली सुरू झालेल्या या संस्थेत जहाजांची इंजिनं सांभाळणारे नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ तयार होतात. समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी दर्यावर्दी घडतात, हे बेळगाव-निपाणीच्या मुलांनी लक्षात ठेवावं असं आहे.

दुसरी रीत टपालाची. तिकीट निघतं किंवा खास पाकीट निघतं. त्यावर त्या दिवसाचा वेगळा शिक्का मारतात.

तिसरी रीत नाण्याची. ही सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत थोड्यांच्या वाट्याला येते. कारण नाण्यासाठी अर्थ मंत्रालयाला हलावं लागतं, साचा घडवावा लागतो आणि राजपत्रात नियम छापावे लागतात.

जगभर थोड्याफार फरकाने हेच दिसतं. रशियाने १९९६ साली आपल्या आरमाराच्या तीनशे वर्षांनिमित्त नाण्यांची मालिकाच काढली. कॅनडाने २०१० साली नौदलाच्या शताब्दीचा डॉलर काढला. अमेरिकेने २००२ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला दोनशे वर्षं झाली म्हणून चांदीचा डॉलर काढला. तिथली एक पद्धत वेगळी आहे. त्या डॉलरच्या किमतीत दहा डॉलरची जादा रक्कम धरली होती आणि ती अकादमीच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे जायची होती. म्हणजे मानही आणि निधीही. आपल्याकडे नाणं संस्थेला मान देतं, पैसा देत नाही.

३. चालणारी आणि न चालणारी

स्वतंत्र भारताचं पहिलं स्मृतिनाणं १९६४ साली निघालं, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. एक रुपया आणि पन्नास पैसे अशी दोन नाणी होती आणि दोन्ही लोकांच्या हातात फिरली. पुढे स्मृतिनाण्यांच्या दोन जाती झाल्या.

पहिली जात चालणारी. ही नेहमीच्या चलनात मिसळते. १९९९ साली संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया आला आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये आले. २००२ साली संत तुकारामांचे दोन रुपये, २००६ साली बसवेश्वरांचे पाच रुपये, २००७ साली लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या पेठेत तुकोबा आणि बसवण्णा एकाच गल्ल्यात शेजारी पडलेले असायचे आणि भाजीच्या हिशेबात एकमेकांच्या जोडीने सुटे म्हणून जायचे.

दुसरी जात न चालणारी. ७५, १००, १२५, १५० रुपये असे आकडे असलेली ही नाणी टांकसाळ संग्राहकांसाठी मर्यादित संख्येत पाडते. ती रिझर्व्ह बँकेमार्फत बाजारात सोडली जात नाहीत. आगाऊ नोंदणी करून, डबीत बंद, विकत घ्यावी लागतात. एनसीसीचं नाणं या जातीतलं आहे.

सत्कारात अंगावर घालतात त्या शालीसारखं हे आहे. शाल खरीच असते, थंडीत पांघरली तर ऊबही देईल. पण ती कुणी पांघरायला म्हणून देत नाही आणि घेणाराही घरी जाऊन ती घडी करून कपाटातच ठेवतो.

४. आकडा पंचाहत्तरच का?

आपल्याला एक, दोन, पाच, दहा, वीस या आकड्यांची सवय. हिशेबाला ते सोयीचे पडतात. न चालणाऱ्या नाण्याला ही सोय बघावी लागत नाही, म्हणून त्याचा आकडा बहुतेक वेळा त्या प्रसंगाचं वय सांगतो.

काही उदाहरणं पाहा. रिझर्व्ह बँकेची पंचाहत्तरी झाली तेव्हा २०१० मध्ये ७५ रुपये. रवींद्रनाथ टागोरांच्या दीडशेव्या जयंतीला १५० रुपये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीला १२५ रुपये. कोलकात्याच्या टांकसाळीच्या साठीला ६० रुपये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा १००० रुपये. या शेवटच्या आकड्याच्या पुढे जाता येत नाही, कारण २०११ च्या नाणे कायद्याने नाण्याचं दर्शनी मूल्य जास्तीत जास्त एक हजार रुपये असं बांधून टाकलं आहे.

हा नियम पक्का मात्र नाही. अटलबिहारी वाजपेयींच्या स्मरणार्थ २०१८ साली निघालेलं नाणं १०० रुपयांचं होतं आणि तो त्यांच्या वयाचा आकडा नव्हता. प्रसंगाचं वय जुळत नसेल तर शंभरचा गोल आकडा घेतात.

५. एका नाण्याच्या तीन किमती

"पंचाहत्तर रुपयांचं नाणं हजारोंना का विकतात?" असं लोक चिडून विचारतात. उत्तर सोपं आहे. अशा नाण्याला एक सोडून तीन किमती असतात.

पहिली दर्शनी किंमत. ती नाण्यावर लिहिलेली असते.

दुसरी धातूची किंमत. ती काढून पाहू. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनाला जे ७५ रुपयांचं नाणं निघालं, त्याचा तपशील राजपत्रात छापला होता. व्यास ४४ मिलिमीटर, वजन सुमारे ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते. धातूंचं मिश्रण असं: चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ टक्के, जस्त ५ टक्के. म्हणजे चांदी १७.५ ग्रॅम, तांबं १४ ग्रॅम, निकेल आणि जस्त प्रत्येकी पावणेदोन ग्रॅम. हिशेबासाठी चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरू. ग्रॅमला १०० रुपये झाले, तर नुसती चांदीच १,७५० रुपयांची झाली. भाव वरखाली झाला की हा आकडाही हलेल. मुद्दा असा की सतराशे रुपयांची चांदी पंचाहत्तर रुपयांच्या किराण्यासाठी कुणी देणार नाही.

तिसरी विक्रीची किंमत. टांकसाळ धातूच्या किमतीवर घडणावळ, डबी, माहितीपत्रक आणि कर चढवते.

दर्शनी किमतीपेक्षा धातू महाग झाला की नाणं बाजारातून नाहीसं होतं, हा चलनाच्या दुनियेतला जुना अनुभव आहे. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचं नाणं निघालं. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. ती नाणी लोकांनी खर्च केली नाहीत, घरात ठेवली. आज ती नातवंडांच्या बारशाला किंवा सराफाच्या तराजूवर दिसतात. इथे एक सावधगिरीची सूचना: नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

६. प्रस्तावापासून टांकसाळीपर्यंत

नाण्याची वाट साधारण अशी असते. संस्था आपल्या मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवते. छात्रसेना किंवा नौदलाची अकादमी असेल तर संरक्षण मंत्रालयाकडे. तिथून तो अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, कारण नाणं पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा आहे. राज्य सरकारला तो नाही आणि रिझर्व्ह बँकेलाही नाही. बँक नाणी वाटते, पाडत नाही.

हा अधिकार एका हाती येण्याआधी आपल्या भागात चित्र वेगळं होतं. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नवा राजा झाला आहे हे दवंडी पोहोचणार नाही त्या खेड्यातही या तांब्याच्या तुकड्याने पोहोचवलं. मराठेशाहीत पुढे जागोजागी टांकसाळी झाल्या. बागलकोटच्या टांकसाळीचे रुपये या मुलखात चालत. ज्या गावात जायचं त्या गावचा रुपया कोणता आणि त्याला बट्टा किती, हे सराफाला विचारावं लागे. नाणं पाडणं म्हणजे सत्ता सांगणं, ही समजूत तेव्हापासूनची आहे. म्हणूनच आजही संस्थेच्या सन्मानाच्या नाण्यावर पुढच्या बाजूला संस्था नसते, देश असतो.

प्रस्ताव मान्य झाला की नक्षीचं चित्र ठरतं. चित्रावरून साचा बनतो. आकार, वजन, धातू आणि दोन्ही बाजूंवरचा मजकूर राजपत्रात प्रसिद्ध होतो. मग मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडा इथल्या टांकसाळीत नाणं पडतं. या चारही टांकसाळी सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहेत. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे. तिची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली.

७. नाणं वाचावं कसं?

आधी पुढची बाजू पाहा. मध्ये अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'सत्यमेव जयते'. डाव्या कडेला देवनागरीत 'भारत', उजव्या कडेला रोमन लिपीत देशाचं इंग्रजी नाव. सिंहांच्या खाली रुपयाचं चिन्ह आणि आकडा. हा ठरलेला नमुना आहे. संस्था कोणतीही असो, बदलत नाही.

मागची बाजू प्रसंगाची. इथे संस्थेचं बोधचिन्ह, इमारत किंवा व्यक्तीचा चेहरा येतो. नाव हिंदी आणि इंग्रजीत येतं, सोबत वर्ष.

चलनातल्या नाण्यावर वर्षाच्या खाली भिंगातून पाहिलं तर टांकसाळीची खूण सापडते. मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते आणि तीच तिची ओळख.

संग्राहकांच्या नाण्यात आणखी दोन प्रती असतात. एक 'प्रूफ'. हिचे साचे घासून चकचकीत करतात आणि नाण्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं. दुसरी 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे हातोहात न फिरलेली. ही स्वच्छ, नीट घडवलेली, पण आरशासारखी नसते. प्रूफ प्रत महाग पडते आणि तिला बोट लावलं तर ठसा उमटतो, म्हणून ती कडेनेच धरतात.

८. कायदा आणि दुकानदार

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नाणे कायद्यात स्मृतिनाण्याची व्याख्या दिली आहे. विशिष्ट प्रसंगाच्या स्मरणार्थ सरकारने पाडलेलं आणि भारतीय चलनात मूल्य दर्शवणारं ते नाणं. म्हणजे ते पदक नव्हे, नाणंच आहे. फक्त फिरण्यासाठी काढलेलं नाही. दुकानदाराने ओळखलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. आणि तुम्ही खर्चलंत तर नुकसान तुमचंच.

चलनातल्या नाण्यांचा नियम मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं. समजा, बिल १,८०० रुपयांचं आहे आणि गिऱ्हाईक दहाच्या नाण्यांची थैली ओततं. शंभर नाण्यांपर्यंत, म्हणजे हजार रुपयांपर्यंत, कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने. पुढचे आठशे नाण्यांत घ्यायचे की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर.

आणि हो, दहाच्या नाण्याचं भूत. अनेक गावांत हे नाणं घ्यायला लोक नकार देतात. कुणी म्हणतं, पंधरा रेषांचं खोटं, दहा रेषांचं खरं. कुणी म्हणतं, रुपयाचं चिन्ह नाही म्हणजे बनावट. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघालेले आहेत आणि सगळे वैध आहेत. चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालतात, कारण चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आलं. इतके नमुने होण्याचं एक मोठं कारण म्हणजे स्मृतिनाणीच. प्रसंग बदलला की मागची बाजू बदलते. सन्मानासाठी बदललेली नक्षी बाजारात संशयाला कारण झाली. नाणं वाचायला शिकवलं नाही की असं होतं.

९. घ्यावं का? विकावं का?

तुम्ही स्वतः एनसीसीत 'सी' सर्टिफिकेट मिळवलं असेल, मुलगी नौदल शाखेची छात्र असेल, भाऊ लोणावळ्याला शिकला असेल, तर त्या संस्थेचं नाणं घरात असावं असं वाटणं स्वाभाविक आहे. ते जरूर घ्या, पण कंपनीच्या अधिकृत विक्रीतूनच. नोंदणी ठराविक मुदतीतच होते. डबी आणि प्रमाणपत्र जपून ठेवा.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर पाचव्या भागातला हिशेब पुन्हा करा. चांदीच हवी तर सराफाकडे ती घडणावळीशिवाय मिळते. पुढे नाण्याची किंमत वाढेल की नाही, हे ते किती पाडलं गेलं आणि किती जणांना हवं आहे यावर ठरतं.

फोनवर येणाऱ्या निरोपांना मात्र भुलू नका. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' असे निरोप वर्षानुवर्षं फिरत आहेत. २०१२ चं ते नाणं सर्रास चलनात आलेलं आहे. आधी 'कर' किंवा 'कमिशन' म्हणून पैसे मागायचे आणि मग नाहीसं व्हायचं, ही त्यांची रीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती कुणाकडून कसलं कमिशनही मागत नाही.

तेव्हा निपाणीच्या दुकानदाराने पंचाहत्तर रुपयांचं नाणं परत केलं तर त्याच्याशी वाद घालू नका. उलट त्याला बारा-पंधरा सेकंद देऊन मागची बाजू वाचून दाखवा. नाणं त्यासाठीच पाडलेलं आहे. किराण्याचे पैसे दुसऱ्या नाण्यांनी द्या, आणि त्यांत दहाची असतील तर ती त्याने घ्यायलाच हवीत, हेही त्याला त्याच बैठकीत सांगून टाका.